किनाऱ्यावर जुन्या एअरगन सांभाळणं, आणि रोलरवाल्या बोल्टचं लाकडी मॉडेल

पालशेत_२७:

नमस्कार मंडळी. मुक्काम गुहागर तालुका, घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत. जी-३ रायफल, एमपी-५ सबमशीन गन या रोलरवाल्या जर्मन घराण्यावर जीव आहे, पण ती हत्यारं आपल्या घरी येणं शक्य नाही हे ठाऊक आहे. म्हणून संग्रह .१७७ इंच नळीच्या स्प्रिंगवाल्या एअरगनचा. सध्या दोन नग आहेत. एक जर्मन डायना २७, सिलिंडरवर १९७२ चा शिक्का, नळीवर मिठासारखे बारीक लाल ठिपके, ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा काळानिळा संरक्षक थर, पकडीच्या जागी पूर्ण गेलेलं. दुसरी देशी बनावटीची, मोडून भरायची, धूर काढते आणि आवाज फटाक्यासारखा येतो.

विचारायचं ते असं. पावसाळ्यात गंज आटोक्यात कसा ठेवायचा? डायनाचं ब्लूइंग घरी करता येईल का, की तसंच ठेवावं? पिस्टनच्या तोंडाचा हवा अडवणारा चामडी वॉशर बदलायचा तर चामडं कुठलं घ्यायचं? देशी बंदुकीला एमपी-५ च्या घाटाचा काळा प्लास्टिकचा दस्ता आणि दुर्बिणीसाठी रेल बसवायचा विचार आहे, तो कितपत बरा? आणि शेवटचं म्हणजे जी-३ मधला रोलर-डिलेड बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) कसा चालतो हे दाखवणारं मोठ्या मापाचं लाकडी मॉडेल करायचं आहे. कुणी केलं असेल तर मापं द्या.

दाभोळखाडी:

दस्त्याचं आधी बोलतो, कारण ते थोडक्यात संपतं. नका करू.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ पर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. ती सवलत बंदुकीच्या ताकदीला आहे. लांबून बघणाऱ्या माणसाला त्यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते काळी, आखूड, मॅगझिनवाली वस्तू. आपल्या किनाऱ्यावर १९९३ मध्ये शेखाडीला आणि दिघीला माल उतरला, २००८ मध्ये दहा जण समुद्रातूनच मुंबईत शिरले. तेव्हापासून सागरी पोलीस आणि गावातले सुरक्षा दलाचे लोक डोळ्यांत तेल घालून असतात, आणि ते बरोबरच आहे. एमपी-५ च्या घाटाची वस्तू बाइकवर आडवी टाकून वेलदूरच्या धक्क्यावर गेलात तर फोन जाणारच. चौकीवर ऊर्जेचे आकडे समजावत बसण्यापेक्षा लाकडी दस्ता बरा.

तांत्रिक कारणही आहे. स्प्रिंगची बंदूक उडताना आधी मागे आणि मग पिस्टन आपटला की पुढे असा दुहेरी झटका देते. पोकळ प्लास्टिकचा दस्ता तो झटका पेलत नाही, दस्त्याचे स्क्रू सैल होतात आणि रेलवरची दुर्बीण सरकते. साध्या रायफलच्या दुर्बिणी याच उलट झटक्याने फुटतात.

नळी कापायचा विचार असेल तर तोही सोडा. आखूड नळीवर कॉक करायला, म्हणजे नळी मोडून स्प्रिंग दाबायला, तरफ कमी मिळते, हात भरून येतो आणि ऊर्जेत फायदा काहीच नाही. स्प्रिंग 'जोरदार' घालायच्या आधी हिशेब करा: ऊर्जा = अर्धा × वजन × वेगाचा वर्ग. ८ ग्रेनचा छर्रा म्हणजे ०.५१८ ग्रॅम. २०० मीटर प्रतिसेकंदाला होतात १०.४ जूल. २५० ला १६ च्या वर, २८० ला २० पार. छऱ्याचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ नसेल तर स्प्रिंगला हात लावू नका.

आणि हे बंदूक असलेल्या प्रत्येकाला सांगावंच लागतं: माकडं बागेत कितीही नासधूस करोत, पक्षी काजू-आंबा कितीही खावोत, १९७२ चा वन्यजीव कायदा एअरगनलाही लागू आहे. नेम लावायचा तो पुठ्ठ्यावर, मागे जाड फळी किंवा वाळूची गोणी ठेवून.

तेलबोळा:

गंजाचं कारण समजून घेतलं की उपाय आपोआप सुचतात. हवेत नुसती ओल असेल तर गंज हळू चढतो. किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर मीठ येतं, ते लोखंडावर बसतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून पुण्याला कपाटात सहा महिने धड राहणारी बंदूक पालशेतला आठवड्यात ठिपके दाखवते. हाताचा घाम हे दुसरं मीठ. हाताळून झाल्यावर लगेच पुसायची, उद्यावर टाकायची नाही.

रोजच्या पद्धतीत एवढं पुरे. मऊ सुती फडकं, त्यावर गंजरोधक तेलाचे चार थेंब, सगळ्या उघड्या लोखंडावरून एक हात. ज्येष्ठ ते भाद्रपद दर आठवड्याला, एरवी महिन्यातून एकदा. डब्ल्यूडी-४० पाणी हाकलायला उत्तम, पण त्याचा थर पातळ राहतो, पावसाळाभर त्याच्या भरवशावर राहू नका. खोबरेल तर लावूच नका. थंडीत थिजतं, जुनं झालं की खवट होतं, आणि खवट तेलातली आम्लं लोखंड खातात. तेलाऐवजी मेणाची पॉलिश जास्त टिकते: नळीवर आणि लाकडावर पातळ लावून दहा मिनिटांनी घासून काढायची.

रेक्झिनच्या पिशवीत, फोमच्या पेटीत किंवा चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवून पावसाळा काढू नये. फोम ओल धरून ठेवतो आणि चामड्यात कमावण्याचे क्षार असतात. पेटी हवीच असेल तर आत गंजरोधक व्हीसीआय कागद आणि अर्धा किलो सिलिका जेल घाला. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरा. बंदूक भिंतीला टेकवून उभी करू नका, जांभ्या दगडाची भिंत पावसाळ्यात ओलच सोडते.

तुमच्या नळीवरचे ठिपके: पॉलिश पेपर वापरू नका, शिक्के आणि कडा दोन्ही जातात. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर गुंडाळा, सकाळी ०००० नंबरची स्टील वूल तेलात बुडवून हलक्या हाताने फिरवा. लाल गंज निघतो, जुनं ब्लूइंग राहतं. खाली खड्डे दिसले तर दिसू देत. पन्नास वर्षांच्या बंदुकीला खड्डे असणं नडत नाही, घासून सपाट केलेला शिक्का नडतो.

ब्लूइंग पूर्ण गेलंय म्हणता त्या जागेसाठी दोन वाटा आहेत. बाटलीतलं कोल्ड ब्लू झटपट होतं पण पकडीच्या जागी एका हंगामात उडतं. टिकाऊ हवं तर रस्ट ब्लूइंग, आणि इथे आपली दमट हवा चक्क कामाला येते. तत्त्व एवढंच: आधी मुद्दाम समसमान लाल गंज चढवायचा, मग उकळून त्याचा काळा लोह ऑक्साइड करायचा. लाल गंज लोखंड खात राहतो, काळा त्याला चिकटून बसतो आणि तेल धरतो.

आधी बंदूक पूर्ण उघडून लोखंड ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतर हातमोज्यांशिवाय शिवू नका. नळीच्या दोन्ही तोंडांत लाकडी खुंट्या घट्ट ठोका, त्यांनाच धरून काम करायचं. तयार द्रावण कापसाच्या बोळ्याने एकाच दिशेने, एकदाच फिरवायचं. बोळा ओला नको, जेमतेम दमट. मग तीन-चार तास आतल्या खोलीत. पडवीत नाही! पडवीत खारा वारा लागतो आणि समसमान गंजाऐवजी टोचे पडतात. केशरी मखमल दिसली की १५ ते २० मिनिटं उकळायचं. रंग डोळ्यांदेखत काळा होतो. बाहेर काढून तेल नसलेल्या स्टील वूलने वरची भुकटी झाडायची, घासायची नाही. हे सहा ते आठ वेळा. पहिल्या दोन फेऱ्यांना राखाडी, डागाळ दिसतं. तिथे घाबरून जास्त द्रावण लावलं की काम बिघडतं. शेवटच्या उकळीनंतर गरम असतानाच जाड तेलात एक दिवस.

उकळायला फॅब्रिकेटरकडून स्टेनलेस पत्र्याची पन्हळ करून घ्या, दोन्ही टोकं वेल्ड करून बंद, नळीपेक्षा १० सें.मी. लांब. जस्ताचा पत्रा नको.

चामडी_वॉशर:

देशी बंदुकीचा धूर आणि फटाका म्हणजे पिस्टनच्या पुढे तेल जळतंय. डिझेल इंजिनात होतं तेच: हवा इतकी जोरात दाबली जाते की तेलाची वाफ पेट घेते. कुणीतरी भोकातून मशीनचं तेल सोडलेलं असणार. हे नुसतं आवाजाचं प्रकरण नाही. वॉशर करपतो, स्प्रिंग तुटते, छऱ्याची मागची पातळ कड फाटते. उघडून सिलिंडर कोरडा पुसा. पिस्टनच्या बाजूंना आणि स्प्रिंगला मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या ग्रीसचा बोटभर नव्हे, पुसट थर द्या. सीलच्या तोंडापुढे काही नाही. सिलिकॉन तेल फक्त प्लास्टिक किंवा रबरी सीलला, एक थेंब. लोखंडावर लोखंड घासतं तिथे ते चालत नाही.

उघडताना सावध. डायनाची स्प्रिंग बंदूक कॉक केलेली नसतानाही कित्येक सेंटिमीटर दाबून बसवलेली असते. सुताराचा लांब सॅश क्लॅम्प घ्या, मागच्या ट्रिगर-ब्लॉकवर लाकडी ठोकळा देऊन थोडा दाब द्या, मगच आडव्या पिना काढा आणि क्लॅम्प आस्ते आस्ते सोडा. तोंड त्या रेषेत आणू नका. २७ च्या ट्रिगरमध्ये तीन बारीक पोलादी गोळ्या आहेत. खाली पांढरी चादर अंथरा, नाहीतर त्या कोनाड्यात जातात. परत बसवताना ग्रीसने चिकटवून ठेवायच्या.

वॉशर करायला वनस्पतीने कमावलेलं चामडं हवं, कोल्हापुरी चपलेच्या तळाला लागतं ते, ३ ते ४ मि.मी. जाड. क्रोमने कमावलेलं मऊ चामडं साच्यात आकार धरत नाही. गोल कापून कोमट पाण्यात भिजवा, सिलिंडरच्या आतल्या मापाच्या नळीत लाकडी दट्ट्याने वाटीसारखं दाबा, दोन दिवस तसंच वाळू द्या. मग कडा धारदार पात्याने सारख्या करा आणि नीट्सफूट तेलात (गुरांच्या पायांपासून काढलेलं, चामड्याला लावायचं तेल) २४ तास ठेवा. बाहेर काढून चांगलं निथळू द्या. ओथंबलेला वॉशर बसवला की पहिले वीस-तीस बार पुन्हा धूर.

नळी आणि सिलिंडर जुळतात तिथला छोटा वॉशर तपासायला सोपी युक्ती: त्या सांध्यावर टिश्यूची पट्टी ठेवून पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर एक बार करा. पट्टी उडाली तर हवा गळतेय. खाली पातळ कागदाचा चकतीएवढा शिम दिला तरी बरेचदा भागतं. छऱ्याशिवाय बार कधीच करू नका, पुढे हवेची गादी नसते आणि पिस्टन थेट आपटतो.

संग्राहक म्हणून एक गोष्ट मनावर घ्या. डायना २७ चे सगळे भाऊ सारखे नाहीत. डायना बनवणाऱ्या जर्मनीतल्या राश्टाटच्या मायर अँड ग्रामेल्सपाखर कंपनीची यंत्रं आणि डायना हे नाव दुसऱ्या महायुद्धानंतर स्कॉटलंडच्या मिलब्रो कंपनीकडे गेलं. म्हणून ब्रिटनमध्ये 'डायना' लिहिलेली स्कॉटिश असू शकते, आणि खरी जर्मन तिथे 'ओरिजिनल' नावाने विकली जायची. सुटे भाग मागवताना हे बघितलं नाही तर पिस्टन आणि वॉशर बसत नाहीत. तुमच्या शिक्क्यातला महिना-वर्ष आणि नळीवरची पूर्ण ओळ लिहून घ्या, भागासाठी तेच पाठवायचं. देशी बनावटीच्या बऱ्याच बंदुका जुन्या युरोपीय घाटावर आहेत, पण सुत आणि आटे जुळतीलच असं नाही. आधी व्हर्निअर, मग पैसे.

पालशेत_२७:

दस्त्याचा विचार सोडला. तेलबोळा, उकळायला आमच्या विहिरीचं पाणी चालेल का? की पागोळीचं पावसाचं धरू? आणि सिलिंडर उकळताना आतून गंजणार नाही का?

तेलबोळा:

विहिरीचं नको. खाडीकाठच्या विहिरीत चव लागत नसली तरी क्लोराइड असतं, आणि उकळीत तेच लोखंडाला चिकटून पुढे महिन्याभरात ब्लूइंगखालून गंज वर काढतं. पागोळीचं पाणी गावातल्या इतर कामांना छान, पण समुद्राकडच्या कौलांवर पावसाआधी मीठ साचलेलं असतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या, पन्हळीच्या मापाने दहा-पंधरा लिटर. ॲसिडचा कॅन चुकून उचलू नका, दोन्ही एकाच फळीवर असतात. दर दोन फेऱ्यांनी पाणी बदला. वर तेलाचा तवंग दिसला तर लगेच, कारण तवंगातून लोखंड वर काढलं की डाग तिथेच पडतात.

सिलिंडरबद्दल तुमची शंका रास्त आहे. सिलिंडरच्या आतली भिंत हीच बंदुकीची जान, तिथे गंजाचा एक वळ आला की नवा वॉशरही गळतो. मागचं तोंड रबरी बूच आणि लाकडाने बंद करा. पण पुढचं हवेचं भोक, कॉकिंगची लांब खाच, हे सगळं बंद होत नाही. तुमच्याकडे फक्त नळीचं ब्लूइंग गेलं असेल तर फक्त नळी करा आणि सिलिंडर तेल-मेणावर ठेवा. दोन्हींच्या रंगात थोडा फरक दिसेल. जुन्या बंदुकीत मला तो खपतो.

रंधा_आणि_पटाशी:

आता रोलरचं. हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण ही यंत्रणा वाचून डोक्यात बसत नाही, हातात घेतली की बसते.

आधी घोळ निस्तरू. 'रोलर-लॉक्ड' आणि 'रोलर-डिलेड' हे वेगळे. एमजी-४२ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन मशीनगनमध्ये रोलर बोल्टला खरोखर अडकवतात आणि नळी मागे सरकल्यावरच सुटतात. जी-३ आणि एमपी-५ मध्ये काही अडकत नाही. रोलर बोल्टला फक्त उशीर करायला लावतात. ही कल्पना त्याच युद्धाच्या अखेरीस जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात पुढे आली. तिथला फोरग्रिमलर नावाचा अभियंता नंतर स्पेनच्या सेटमे या शस्त्रसंस्थेकडे गेला, तिथून ती हेकलर अँड कोख या जर्मन कंपनीकडे आली. जी-३ १९५९ मध्ये पश्चिम जर्मन सैन्यात, एमपी-५ १९६६ मध्ये. आपल्या एनएसजीच्या हातात दिसते ती ही एमपी-५च.

चालतं असं. बोल्टच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रोलर. डोक्याच्या मागे असतो तो जड सरकता भाग म्हणजे कॅरिअर. त्यातून एक पाचर पुढे येते आणि दोन रोलरांच्या मधे घुसून त्यांना बाहेरच्या खोबणींत ढकलते. बार झाला की डोकं मागे रेटलं जातं, खोबणीचा तिरपा खांदा रोलरला आत दाबतो, रोलर पाचरीला मागे पिळून काढतात. पाचर चिंचोळी असल्यामुळे डोकं थोडं सरकायला कॅरिअरला खूप सरकावं लागतं. जी-३ मध्ये हे प्रमाण साधारण १ ला ४ आहे आणि पाचरीचा पूर्ण कोन ४५ अंश. एमपी-५ ची काडतुसं हलकी, म्हणून तिथे पाचर बरीच बोथट.

मॉडेल चपटं करा, सँडविचसारखं: खाली १२ मि.मी.चं वॉटरप्रूफ प्लायवुड, मधे १८ मि.मी. जाडीचे हलणारे भाग, वर ३ मि.मी. ॲक्रिलिक. माप तिप्पट. खऱ्या जी-३ चा रोलर ८ मि.मी. व्यासाचा, म्हणजे तुमचा २४. नळी, चेंबर, काडतूस यांतलं काही कोरू नका. समोरून डोकं मागे ढकलायला एक गोल लाकडी दांडी पुरे. पाचर ४५ अंशांची, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडे साडेबावीस. खोबणीचा मागचा खांदा मधल्या रेषेशी ५१ अंशांवर कापा. रोलर बाजूला ५ मि.मी. बाहेर आला पाहिजे. मग डोकं ४ मि.मी. मागे गेलं की रोलर पूर्ण आत येतात आणि तेवढ्यात कॅरिअर १६ मि.मी. सरकलेलं असतं. बाजूला पट्टी चिकटवा, मुलांना १ ला ४ डोळ्यांनी दिसतं. खांदा ४५ अंशांवरच कापलात तर प्रमाण ३.४ वर येतं. चालतं, पण मग १ ला ४ म्हणून दाखवू नका.

बिघडतं कुठे? लाकडी रोलर लाकडी पाचरीवर. कॅरिअर मागे ओढून दाखवलं तर सगळं सुरळीत, पण दांडीने डोकं ढकललं, म्हणजे खऱ्या बंदुकीसारखं केलं, की जाम. साडेबावीस अंशांचा टॅन्जंट आहे ०.४१, आणि कोरड्या लाकडावर लाकडाचं घर्षण त्याच्या आसपासच जातं. पाचर सुटतच नाही. म्हणून रोलर २४ मि.मी.च्या नायलॉनच्या रॉडचे कापा, पाचरीच्या दोन्ही तोंडांना आणि खांद्यांना १ मि.मी. सनमायका लावा आणि मेण घासा. सनमायकाचा १ मि.मी. आधीच लाकडातून वजा करा, नाहीतर रोलर पूर्ण आत येत नाहीत.

दुसरी जागा बोल्ट गॅप. बंद अवस्थेत डोक्याच्या मागची कड आणि कॅरिअरची पुढची कड यांत बारीक फट हवी. खऱ्या जी-३ मध्ये ती अंदाजे पाव ते अर्धा मि.मी. असते, तुमच्या मापात पाऊण ते दीड. फट शून्य झाली तर कॅरिअर डोक्याला आधीच टेकतं, पाचर पूर्ण आत जात नाही आणि रोलर अर्धवट बाहेर राहतात. खऱ्या बंदुकीत रोलर आणि खांदे झिजले की ही फट कमी होते, म्हणूनच तिथले कारागीर पहिल्यांदा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावतात. मॉडेलच्या कडेला एक खिडकी ठेवा आणि फट तिथे दिसू द्या. माझ्या मते या यंत्रणेचं मर्म तिथेच आहे.

लाकूड शिवणीचं घ्या. हलकं, पटाशीला गोड आणि पावसाळ्यात कमी फुगतं. साग तळाला चालेल. हलणाऱ्या भागांना दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मि.मी. मोकळीक द्या, उन्हाळ्यात बरोबर बसवलेला भाग आषाढात हलत नाही. पॉलिशला फ्रेंच पॉलिश नको, ओलीने पांढरं पडतं. उकळलेलं जवसाचं तेल, पातळ तीन हात, मधे दोन दोन दिवस. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल कुणी सुचवेल, लाकूड त्याने टिकतं हे खरं, पण कातडीला फोड येतात. डायनाच्या दस्त्याला तर मुळीच नको, गाल टेकतो तिथे.

पालशेत_२७:

रोलर २४ चे, पण डोक्यातली खाच किती ठेवायची? २४ च?

रंधा_आणि_पटाशी:

२४.५ रुंद. २४ ठेवलीत तर नायलॉन अडकतो, २५ च्या वर गेलात तर रोलर आधी खाचेत मागेपुढे हलतो आणि ४ मि.मी.च्या प्रवासातला पाव भाग त्या ढिलाईतच जातो. खाचेच्या आतल्या दोन्ही भिंती पाचरीच्या रेषेला काटकोनात आहेत ना, ते गुण्याने तपासा. तिथे एक अंश जरी चुकला तरी एक रोलर आधी सुटतो आणि डोकं तिरकं होऊन बसतं.